ई-मेल पाठवू नका

पत्र:

ताई, सलाम. आम्ही मूळचे नगरचे, न्यू जर्सीत येऊन बारा वर्षं झाली. मुलगी इथल्या पब्लिक हायस्कूलमध्ये दहावीला आहे. तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना (एक कोरियन, एक मल्याळी) शाळेत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा क्लब सुरू करायचा आहे. आठवड्यातून एकदा, शाळा सुटल्यावर, अर्धा-पाऊण तास प्रार्थना आणि बायबलवाचन, एवढंच. ती व्हाइस प्रिन्सिपलना विचारायला गेली तर ते म्हणाले, ही सरकारी शाळा आहे, इथे धर्माचं काही चालत नाही. शिवाय अ‍ॅडव्हायझर व्हायला कोणी शिक्षक लागेल, तो कुठून आणणार? शाळेत बुद्धिबळाचा, अ‍ॅनिमेचा, बॉलिवूड डान्सचा असे क्लब आहेत. मी प्रिन्सिपलना सविस्तर ई-मेल लिहून ठेवलाय. आमच्या चर्चचे पाळकसाहेब दर आठवड्याला येऊन शास्त्रपाठ घ्यायला तयार आहेत. पण लेक म्हणते, मम्मी, तू मध्ये पडू नकोस. तिचे पप्पा म्हणतात, अजून ग्रीन कार्ड हातात नाही, आपण इथे पाहुणे, उगाच डोळ्यावर कशाला यायचं? मराठी मंडळात आधीच लोक चेष्टेत विचारतात, तुम्ही धर्मांतर करता का म्हणून. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललेलं नाही. ई-मेल पाठवू का?
– एक आई

उत्तर:

तुम्हालाही सलाम, आणि माझ्या सवयीने नमस्कारही.

पाठवू नका. ड्राफ्टमध्येही ठेवू नका. रात्री साडेअकराला बोट चुकून 'सेंड'वर जातं, आणि ते चुकून गेलेलं नसतं हे आपल्यालाही ठाऊक असतं. तुमचा ई-मेल मी पाहिलेला नाही, पण इथल्या एका पब्लिक हायस्कुलात मी सव्वीस वर्षं केमिस्ट्री शिकवली आणि पालकांचे ई-मेल पोत्याने वाचले. पहिल्या परिच्छेदात आपली मुलगी किती गुणी ते असतं, तिसऱ्यात राज्यघटना येते, पाचव्यात वकील. मुख्याध्यापक पाचवा परिच्छेद आधी वाचतात.

पण मी नको म्हणते त्याचं कारण ई-मेलचा सूर नाही. तुम्ही तो पाठवलात, तर ज्या पायावर लेकीचा क्लब उभा राहणार आहे तोच पाया खचतो. कसा ते सांगते. त्यासाठी थोडा कायदा लागेल, पण ही गोष्ट कंटाळवाणी नाही.

ओमाहा हे नेब्रास्का राज्यातलं शहर. तिथल्या वेस्टसाइड हायस्कुलात ब्रिजेट मर्गेन्स नावाची विद्यार्थिनी होती. 1985 च्या जानेवारीत ती प्रिन्सिपलकडे गेली आणि तुमच्या लेकीने मागितलं तेच मागितलं: शाळा सुटल्यावर काही मुलं जमतील, बायबल वाचतील, प्रार्थना करतील. नको म्हणाले. शाळेच्या नियमात प्रत्येक क्लबला शिक्षक लागत होता आणि धर्माच्या क्लबला शिक्षक दिला तर शाळेनेच धर्म चालवल्यासारखं होईल, हे त्यांचं म्हणणं. शाळा बोर्डानेही तेच सांगितलं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1990 च्या जूनमध्ये आठ विरुद्ध एक मतांनी निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूने लागला. तोवर ती केव्हाच शाळेतून बाहेर पडली होती.

निकालाचा आधार होता 1984 चा इक्वल अ‍ॅक्सेस अ‍ॅक्ट. केंद्राचा पैसा घेणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळेने अभ्यासक्रमाशी संबंध नसलेल्या एका जरी क्लबला शाळेत जमू दिलं, तर तुमच्या सभेत धर्माची चर्चा होते, राजकारणाची होते किंवा तत्त्वज्ञानाची होते म्हणून दुसऱ्या क्लबला दार बंद करता येत नाही. ओमाहाच्या शाळेने बराच आटापिटा केला. बुद्धिबळाचा क्लब गणिताशी जोडलेला आहे म्हणाले. स्कूबा डायव्हिंगचा क्लब पोहण्याशी, म्हणजे व्यायामाच्या तासाशी. कोर्टाने ते मानलं नाही. फ्रेंचचा क्लब अभ्यासाचा, कारण वर्गात फ्रेंच शिकवतात. बुद्धिबळ वर्गात शिकवत नाहीत. तुमच्या शाळेत बुद्धिबळ आहेच, वर अ‍ॅनिमेही आहे. व्हाइस प्रिन्सिपलसाहेबांनी दार आधीच उघडून ठेवलंय, त्यांच्या ध्यानात नाही इतकंच.

ते खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. त्यांच्या डोक्यात 1962 आणि 1963 चे निकाल असतील. त्या दोन वर्षांत सुप्रीम कोर्टाने शाळेने घेतलेली प्रार्थना आणि शाळेने घेतलेलं बायबलवाचन बंद केलं. तो नियम आजही आहे आणि तो असावा असं माझं स्वतःचं मत आहे. पण ती बंदी शाळेवर आहे. मुलांवर नाही. सरकारी खोलीत मुलांनी आपण होऊन जमणं वेगळं आणि सरकारी पगार घेणाऱ्या माणसाने मुलांना हात जोडायला लावणं वेगळं. हा फरक पुष्कळ शाळांना माहीत असूनही घाईत निसटतो, कारण नाही म्हणणं नेहमी सोपं असतं.

आता तुमचा ई-मेल. त्याच कायद्यात अटी आहेत आणि त्या सगळ्या मोठ्या माणसांसाठी आहेत. सभा मुलांनीच सुरू केलेली आणि स्वेच्छेची हवी. शाळेने किंवा शाळेच्या नोकराने ती पुरस्कृत करायची नाही. धार्मिक सभेत शिक्षक बसला तर नुसता बसेल, भाग घेणार नाही. आणि शाळेबाहेरच्या माणसांनी ती सभा चालवायची नाही, तिच्यावर ताबा ठेवायचा नाही आणि तिथे नियमित हजरही राहायचं नाही. शाळेबाहेरची माणसं म्हणजे तुम्ही. आणि तुमचे पाळकसाहेब.

म्हणजे तुम्ही ज्या दोन गोष्टी प्रेमाने तयार ठेवल्या आहेत, आईचा अर्ज आणि पाळकांचा साप्ताहिक शास्त्रपाठ, त्या दोन्ही शाळेच्या हातात आयतं हत्यार देतील. पहिल्या ओळीत 'आम्ही पालकांनी ठरवलं आहे की' आलं की क्लब मुलांचा उरलाच नाही. पाळक दर आठवड्याला आले तर ती शाळेच्या खोलीत भरलेली चर्चची सभा झाली. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी मुलींनी त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं, शाळेच्या पाहुण्यांच्या नियमाप्रमाणे आधी कळवून, तर बहुधा कोणी हरकत घेणार नाही. त्यांना हे नीट समजावून सांगा. दुखावतील थोडे. तुमच्या चर्चच्या मंडळीत तरुण संघ असेलच, तिथे ते हवं तेवढं शिकवू शकतात.

तुमच्या लेकीला कायद्याचं हे कलम माहीत असेल असं नाही. पण 'मम्मी, तू मध्ये पडू नकोस' हे ती अगदी बरोबर बोलली.

शिक्षकाचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, कारण तो मी भोगलाय. आमच्या शाळेत असा क्लब निघाला तेव्हा मुलं माझ्याकडे आली. माझ्या देवघरात गणपती आहे आणि हे त्या मुलांना पक्कं ठाऊक होतं, कारण दरवर्षी मी वर्गात मोदक नेत असे. तरी माझ्याकडे का? कारण गुरुवारी दुपारी माझी लॅब रिकामी असायची आणि माझ्या खुर्च्यांना चाकं होती. दुसरं काही कारण नव्हतं. आणि कायद्याने दुसरं कारण लागतही नाही. शिक्षक तिथे असतो तो देखरेखीला. खोलीचं कुलूप, खिडक्या, कोणी बुन्सेन बर्नरशी खेळत नाही ना, फायर अलार्म वाजला तर सगळी बाहेर पडली ना. अशा देखरेखीला पुरस्कृत करणं म्हणत नाहीत, हे त्या 1990 च्या निकालात स्पष्ट आलंय. म्हणून 'अ‍ॅडव्हायझर नाही' हे कारण वाटतं तेवढं भक्कम नाही. उलट बाजूही खरी आहे: सभेतलं बोलणं एखाद्या शिक्षकाच्या श्रद्धेविरुद्ध असेल तर शाळा त्याला बसायची सक्ती करू शकत नाही. तेव्हा मुलींनी स्वतः विचारत फिरावं. धार्मिक वाटणारा शिक्षक शोधू नये, शांत बसू शकणारा शोधावा. ग्रंथपालाला आधी विचारा.

शांत बसणं सोपं नाही हो. मी मागच्या टेबलावर जर्नल्स तपासत बसायची. लहानपणी भारतात मिशनच्या शाळेत शिकल्यामुळे बायबलातल्या गोष्टी मला पाठ. दुसऱ्या की तिसऱ्या गुरुवारी एक उंच मुलगा उभा राहून मोठ्या रंगात सांगायला लागला की नोहा कसा माशाच्या पोटात तीन दिवस राहिला. मी लाल पेन हातात घेऊन तशीच ओरडले, "योना! नोहा नाही, योना!" अकरा माना मागे वळल्या. मुलं हसली, मीही हसले, पण त्या क्षणी मी कायद्याच्या भाषेत 'भाग घेतला' होता. क्लबची अध्यक्ष होती ती बुटकी, चष्मेवाली पोर माझ्याकडे आली आणि अतिशय नम्रपणे म्हणाली की आमच्या चुका आम्हाला करू द्याल का? त्यानंतर मी पेनाचं टोपण दातात धरून बसायला लागले. पुढे एकदा एका मुलाने मोशेला नोहाच्या तारवात बसवलं, तेव्हा टोपणाला भोक पडलं.

लेकीला पुढे काय करायचं ते थोडक्यात सांगते, म्हणजे तुम्ही तिला हे कात्रण द्या आणि बाजूला व्हा. तोंडी विचारलं की तोंडी 'नाही' येतं आणि त्याचा पुरावा राहत नाही. तिघींनी शाळेचा क्लब अर्जाचा जो काही फॉर्म असेल तो मागून घ्यावा, बुद्धिबळवाल्यांनी भरला तोच. एक पानाचं निवेदन जोडावं: क्लबचं नाव, हेतू दोन ओळींत, वार, वेळ, खोली. कोणालाही यायची मोकळीक. शेवटी एक वाक्य, की आम्ही इक्वल अ‍ॅक्सेस अ‍ॅक्टखाली इतर क्लबांइतकीच सोय मागतो आहोत. 'इतर क्लबांइतकीच' हे शब्द महत्त्वाचे. जास्त काही मागू नये, कमी घेऊ नये. तारीख टाकून द्यावं, प्रत ठेवावी, आणि उत्तर लेखी मिळेल का असं गोड बोलून विचारावं. लेखी उत्तर द्यायचं म्हटलं की शाळा आधी स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, वकिलाला फोन करते, आणि बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो, कारण वकिलाला ओमाहा माहीत असतं.

आणि तिघीच आहोत म्हणून लाजू नये. 'अमुक संख्या नाही म्हणून हक्क नाही' असं शाळेला म्हणता येणार नाही, हेही त्या कायद्यात लिहून ठेवलंय.

मान्यता मिळाली की ती अर्धवट घेऊ नका. नोटीस बोर्डावर पोस्टर, सकाळच्या अनाउन्समेंटमध्ये नाव, क्लब फेअरला टेबल: बाकीच्यांना जे मिळतं ते यांनाही. वेळेचंही तसंच. पेनसिल्व्हेनियात पंक्सटॉनी गावच्या हायस्कुलात सकाळी एक अ‍ॅक्टिव्हिटी पिरियड असे. त्यात इतर क्लब जमायचे, पण बायबल क्लबला मात्र शाळा भरण्याआधी जमा असं सांगितलं गेलं. 2003 साली तिसऱ्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्यांचा मिळून केलेला केंद्रीय कोर्टांचा विभाग) अपील कोर्टाने ते चूक ठरवलं, आणि न्यू जर्सी त्याच सर्किटमध्ये येतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. पैशाचं म्हणाल तर शाळेकडून खोलीपलीकडे काही मिळेल असं धरून चालू नये. खाऊ घरून.

पदाधिकारी ख्रिस्तीच असावेत असं क्लबच्या घटनेत लिहायचं का, हा प्रश्न पुढे कधीतरी येईल. लाँग आयलंडवर रॉझलिन हायस्कुलात हसू आडनावाच्या भावंडांनी असा क्लब काढताना हे कलम घातलं आणि भांडण 1996 मध्ये अपील कोर्टात गेलं. कोर्टाने गंमतच केली: अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि गाणी बसवणारा, ही माणसं ख्रिस्ती हवीत हे मान्य, कारण सभेचा आत्मा त्यांच्या हाती. सेक्रेटरी आणि कार्यक्रम पाहणाऱ्यासाठी मात्र तशी अट नाही. मिनिट्स कोणीही लिहू शकतं! ते कोर्ट दुसऱ्या सर्किटचं, तुम्हाला थेट लागू नाही. पण तीन मुलींच्या क्लबला तूर्तास या कलमाची गरजही नाही.

तिच्या पप्पांशी मात्र तुम्हालाच बोलावं लागेल. त्यांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. कागद हातात येईपर्यंत आपण सगळेच चपला काढून, अंग चोरून या देशात वावरलो आहोत. पण क्लबच्या अर्जात इमिग्रेशनचा रकाना नसतो, आणि कायद्यात शब्द 'विद्यार्थी' असा आहे, 'नागरिक' नव्हे. त्यांना वाटतं तेवढा हा अर्ज उद्धट नाही. बॉलिवूड डान्सच्या मुलींनी तो भरला तेव्हा कोणाचे पप्पा घाबरले होते का, एवढं विचारून पाहा.

'आपण पाहुणे' या शब्दावर मात्र मला थांबायचंय. 1806 सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी प्रार्थनेला मोकळ्या रानात जमले होते. वादळी पाऊस आला, तशी पोरं गवताच्या गंजीच्या आडोशाला शिरली आणि तिथेच प्रार्थना केली. कोणी प्राध्यापक सोबत नव्हता, कोणाचे आईवडील नव्हते. त्या गंजीतून पुढे 1810 मध्ये परदेशी मिशनचं अमेरिकन बोर्ड निघालं, आणि त्याच कॉलेजातून शिकलेला गॉर्डन हॉल 1813 मध्ये सॅम्युएल नॉटबरोबर मुंबईच्या धक्क्यावर उतरला. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते, परत पाठवायला निघाले होते. तरी राहिले. त्यांचं अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये तुमच्या नगरला पोचलं. मिशनच्या इतिहासाबद्दल माझी स्वतःची काही मतं आहेत, सगळीच गोड नाहीत, ती आज बाजूला ठेवते. पण नगरच्या ख्रिस्ती घरातली मुलगी अमेरिकेतल्या शाळेत मैत्रिणींना घेऊन प्रार्थनेला बसते आहे तर ती कोणाच्या घरात पाहुणी म्हणून शिरलेली नाही. दोनशे वर्षांपूर्वी इथून निघालेलं पत्र वळसा घालून इथेच आलंय. तिच्या पप्पांना हे जेवताना सांगा, भांडताना नको.

मराठी मंडळातल्या चेष्टेबद्दल मी तुमच्या बाजूने आहे, कारण ती चेष्टा नसते. तुम्ही हसून सोडून देता हे मला माहीत आहे, आणि हसताना किती चावतं तेही थोडंफार कळतं. पण लेकीला एक गोष्ट जरूर सांगा. आमच्या क्लबात एक गुजराती मुलगी मैत्रिणीबरोबर यायची, गाण्यांसाठी. तिच्या आईचा मला फोन आला होता. मी म्हटलं, तुमची मुलगी मागच्या रांगेत बसून डोनट खाते, मी पाहते आहे. आई हसली नाही, पण फोन शांतपणे ठेवला. बोलावणं एकदा करावं. कोणी आलं तर आनंद, नाही आलं तर दुसऱ्यांदा विचारू नये, आणि वर्गात बाकावर पत्रकं ठेवत फिरू नये. हा माझा नियम, कायद्याचा नाही. तिथली मुलं पंधरा वर्षांची असतात आणि घरी जाऊन त्यांना त्यांच्याच आईशी बोलायचं असतं.

आणखी एक, जे पाळकसाहेबांना रुचणार नाही. हा कायदा सगळ्यांचा आहे. तो ज्या दाराने तुमच्या लेकीला आत घेतो त्याच दाराने मुस्लिम विद्यार्थ्यांचा क्लब येतो, नास्तिकांचा येतो, समलिंगी मुलांचा आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींचा गे-स्ट्रेट अलायन्स येतो. सॉल्ट लेक सिटीत ईस्ट हायस्कुलात अशा अलायन्सचा अर्ज आला तेव्हा तो अडवण्यासाठी 1996 मध्ये शाळा बोर्डाने अभ्यासाबाहेरचे सगळेच क्लब बंद करून टाकले. एकाला नको म्हणायचं तर सगळ्यांना नको म्हणावं लागतं, म्हणून. बुद्धिबळवाले फुकट मेले. ती बंदी उठायला 2000 साल उजाडलं. म्हणून उद्या क्लब फेअरला लेकीच्या टेबलाशेजारी सप्तरंगी झेंडा लावलेलं टेबल आलं तर त्याबद्दल तक्रार करायला जाऊ नका. त्या टेबलावर बसणाऱ्या पोराला शाळेतून बाहेर काढणारं कलम निघालं तर ते तुमच्या लेकीलाही बाहेर काढेल. (आमच्या शाळेत दोन्ही क्लब गुरुवारीच असत आणि दोघांत मिळून एकच एक्स्टेन्शन बोर्ड होता. भांडणं झाली ती फक्त त्यावरून.)

धाकटा मुलगा असेल आणि तो पाचवीत असेल तर हे सगळं त्याला लागू नाही. हा कायदा माध्यमिक शाळांपुरता आहे. खाजगी शाळांनाही तो लागत नाही.

समजा सगळं करूनही शाळा नाहीच म्हणाली, तर मुलींनी तोच कागद डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाकडे, म्हणजे सुपरिंटेंडेंटकडे द्यावा, मग शाळा बोर्डाच्या सभेत तीन मिनिटं बोलावं. लेकीने बोलावं. तुम्ही मागच्या रांगेत बसा. तिथेही दाद लागली नाही तर मग तुमचा ई-मेल, पालक म्हणून, नवऱ्याच्या सहीसकट, आणि मग खरोखरच वकील. पण एवढ्यावर जाईल असं मला वाटत नाही. मधल्या काळात कोणाचीही परवानगी न लागणारी एक गोष्ट आहे: 1990 मध्ये टेक्ससमधल्या बर्लेसन गावच्या मुलांपासून सुरू झालेली, सप्टेंबरच्या चौथ्या बुधवारी सकाळी शाळेच्या झेंड्याच्या खांबाभोवती उभं राहून प्रार्थना करायची पद्धत. शाळा भरायच्या आधी, मुलांनीच. तिघी उभ्या राहिल्या तरी पुरे.

आता क्लब सुरू झाल्यावर काय होईल तेही ऐकून ठेवा. पहिल्या दिवशी पंधरा जण येतील, कारण खाऊ आहे असं कळलेलं असतं. ऑक्टोबरात आठ. नोव्हेंबरात बास्केटबॉल सुरू होईल आणि चार उरतील. एखाद्या गुरुवारी लेक एकटीच खोलीत बसेल, फोनवर वचन उघडून, आणि मागे एखादी शिक्षिका जर्नल्स तपासत असेल. मी तसे दोन-तीन गुरुवार पाहिलेत. एकदा ती चष्मेवाली अध्यक्ष एकटीच होती, तिने घड्याळ पाहिलं, डोळे मिटले, सहा-सात मिनिटं तशीच बसली, मग उठून फळा पुसला. फळ्यावर तिने काही लिहिलेलंही नव्हतं, माझीच समीकरणं होती. ती पुसल्यामुळे दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला माझी पंचाईत झाली. मे महिन्यात ए. पी. (कॉलेजच्या तोडीच्या) परीक्षा आल्या तेव्हा मात्र खोली भरून गेली. परीक्षेच्या आधी सगळ्यांनाच प्रार्थना आठवते, त्यात माझेही दोन-तीन ढ विद्यार्थी होते.

अशा रिकाम्या गुरुवारी ती घरी येईल तेव्हा 'किती जण आले होते?' हा प्रश्न तुमच्या ओठावर येईल. विचारू नका. आणायला जात असाल तर गाडी अगदी फाटकाशी न लावता पार्किंगच्या टोकाला लावा, लेट बसच्या मागे, आणि पुढच्या सीटवर काहीतरी खायला ठेवा. ती बोलली तर ऐका.

ई-मेल खोडलात की मला एक ओळ लिहून कळवा. तिच्या पप्पांनी गंजीची गोष्ट ऐकून काय म्हटलं तेही.